पार्ट सगळे इथेच आहेत, निर्णय कुठाय?

परवा संध्याकाळी देहूरोड स्टेशनबाहेर चहा घेत होतो. आमच्या गल्लीतला एक पोरगा, आयटीआयला टर्नर ट्रेडला आहे, मोबाईल पुढे करून म्हणाला, "काका, हे बघा. अमेरिकेत माणूस घरी बसून पार्ट निवडतो. बॅरल एका कंपनीचं, बट दुसऱ्या कंपनीचा, ट्रिगर तिसरीकडून. टेबलावर जोडतो, रायफल तयार. तीन किलोच्या आत! आपल्याकडं भोसरी-चाकणला तर काय काय बनतं. मग आपण का नाही?"

पहिलं उत्तर सोपं होतं. बाळा, आपल्याकडं शस्त्र कायदा १९५९ आहे. त्यात 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्राचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा धरलेली आहेत. म्हणजे तू लेथवर रायफलीचा एखादा भाग विनापरवाना कातलास, तर कायद्याच्या नजरेत तो पार्ट नाही, शस्त्रच. लष्करी बोअरची सेमी-ऑटोमॅटिक रायफल सामान्य माणसाला नेहमीच्या परवान्यावरसुद्धा मिळत नाही, आणि बंदी असलेलं शस्त्र बनवताना सापडलास तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. अमेरिकेत एआर-१५ चा फक्त खालचा सांगाडा कायद्यानं बंदूक मानला जातो, नंबर त्याच्यावर असतो. बाकीचे पार्ट साबणासारखे विकले जातात. त्याचे परिणाम ते त्यांच्या शाळांमध्ये भोगतायत. आपल्याकडं तसं नाही हे चांगलंच आहे, आणि या मुद्द्यावर कुणी माझ्याशी वाद घालायला येऊ नका. पिंपरी-चिंचवडमध्ये गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या लिहून माझी बोटं झिजली आहेत.

पण पोराचा प्रश्न घरी आल्यावरही डोक्यातून जाईना. तो 'आपण' म्हणजे घरात बसलेला एक माणूस धरत होता. 'आपण' म्हणजे देश धरला तर? मग प्रश्न फार अवघड होतो.

नकाशावर बोट ठेवून बघा. पाषाणला एआरडीई आहे, डीआरडीओची शस्त्र संशोधन संस्था. इन्सास रायफल तिथंच डिझाइन झाली. खडकीला अम्युनिशन फॅक्टरी आहे, १८६९ पासून. देहूरोडला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, डेपो आहे. भोसरी, तळवडे, चाकणला इतकी सीएनसी मशीनं आहेत की मोजायला बसलात तर आठवडा जाईल. डिझाइन, काडतूस, धातू, मशीन, हात, सगळं एका तासाच्या अंतरात. ट्रॅफिक धरून दोन तास म्हणा. आणि सीमेवरच्या जवानाच्या खांद्यावर कुठली रायफल आहे? २०१९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सिग सॉअर कंपनीकडून ७२,४०० रायफली घेतल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच कंपनीकडून अजून ७३,०००. शिवाय रशियाची एके-२०३, ६ लाखांहून जास्त, अमेठीजवळच्या कोरव्यात बनतायत. तिथं कारखाना झाला ही चांगलीच गोष्ट आहे, पण डिझाइन रशियाचं.

हे काही आत्ताचं नाही. १९६२ ला चीनसमोर आपला जवान .३०३ घेऊन उभा होता, प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे ओढायचा. त्यानंतर ईशापूरची एसएलआर आली. सेल्फ लोडिंग रायफल, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिकच. चाप ओढला की एक गोळी, पुढची आपोआप नळीत. रायफल भरवशाची, पण साडेचार किलोच्या घरात आणि सव्वा मीटरला जरा कमी लांब. मग हलकी हवी म्हणून इन्सास. तिला उशीर झाला म्हणून नव्वदच्या सुरुवातीला एके जातीच्या लाखभर रायफली बाहेरून आणल्या. इन्सास जुनी झाली तर सिग आणली. दर वेळी तातडी, आणि दर वेळी तोपर्यंत पंधरा-वीस वर्षं निघून गेलेली. वीस वर्षं चालणारी तातडी जगात दुसरीकडं कुठं असेल असं मला वाटत नाही.

आता इन्सासला भंगार म्हणणाऱ्यांची एक जमात फेसबुकवर आहे, त्यांच्याशी दोन शब्द. तक्रारी खऱ्या होत्या. कारगिलच्या थंडीत मॅगझिनला तडे गेले, रायफली अडकल्या. नेपाळच्या सैन्यानंही तक्रार केली होती. पण इन्सास म्हणजे नेमकं काय होतं? त्या पोराच्या भाषेत सांगायचं तर पार्ट निवडूनच केलेली रायफल. बोल्ट आणि पिस्टनची पद्धत एके-४७ च्या घराण्यातली, गॅस रेग्युलेटर बेल्जियमच्या एफएएलसारखा, कॉकिंग हँडल जर्मन रायफलींसारखं डाव्या बाजूला पुढं. ज्याच्या त्याच्यातलं चांगलं उचललं. विचार वाईट नव्हता. सगळं जोडून वजन आलं मॅगझिनशिवाय ४.१५ किलो. हलक्या ५.५६ च्या गोळीसाठी एवढं वजन जास्तच. पण पहिल्या प्रयत्नात ते होतं. त्यानंतर लगेच दुसरी, तिसरी, चौथी आवृत्ती काढायची असते. अमेरिकेची एम-१६ व्हिएतनाममध्ये इतकी अडकायची की त्यांच्या संसदेत चौकशी बसली. त्यांनी ती फेकली नाही. नळीला आतून क्रोम लावलं, दारू आणि बफर बदलला, सैनिकाला सफाईचं किट दिलं. त्याच घराण्यातली रायफल साठ वर्षांनंतरही चालू आहे. आपण इन्सासला शिव्या घातल्या आणि परदेशी कॅटलॉग उघडला.

रायफलीचं वजन असतं कुठं? नळीत, रिसिव्हरमध्ये, बटमध्ये, वर बसवलेल्या दुर्बिणीत, मॅगझिनमध्ये आणि गोळ्यांत. नळी पातळ केली तर वजन उतरतं, पण चार मॅगझिन झाडली की तापते आणि नेम हलतो. रायफल फार हलकी केली तर धक्का खांद्याला जास्त बसतो. पन्नासच्या दशकात अमेरिकेत युजीन स्टोनरनं मोठी युक्ती केली. स्फोटाचा दाब बोल्ट आणि नळीच्या टोकाच्या पोलादात अडकवून टाकला, म्हणजे बाहेरचा सांगाडा ॲल्युमिनियमचा चालतो. बास, तिथून हलक्या रायफलींचं युग सुरू झालं. यात आता गुपित काही नाही, इंजिनिअरिंगच्या पोरांना माहीत असतं.

आणि गोळ्यांचं वजन कुणी धरतच नाही. ५.५६ चं काडतूस साधारण १२ ग्रॅम, सिगमधलं ७.६२ चं मोठं काडतूस त्याच्या दुप्पट, २४ ग्रॅमच्या आसपास. शंभर गोळ्यांचा हिशोब करा, सव्वा किलो आणि अडीच किलो. म्हणजे रायफलीतून अर्धा किलो वाचवण्यासाठी शास्त्रज्ञानं डोकं फोडायचं आणि काडतूस बदलून दुसऱ्या हातानं सव्वा किलो परत जवानाच्या पाठीवर ठेवायचं. मोठी गोळी लांब जाते, जोरात लागते, डोंगरात ती हवी, हे मान्य. मग तसं ठरवा आणि त्यावर टिकून राहा ना!

टिकून राहणं, इथंच सगळी बोंब आहे. २०११ मध्ये लष्करानं निविदा काढली. काय हवं? एकच रायफल, पण नळी बदलली की कधी ५.५६ चालवेल, कधी ७.६२. वजन ३.६ किलो. जगातल्या नावाजलेल्या कंपन्या आल्या, चाचण्या झाल्या, २०१५ ला निविदा रद्द. मग ठरलं, दोन नळ्या नकोत, ७.६२ चं मोठं काडतूसच हवं. ईशापूरनं तशी रायफल दिली, २०१७ मध्ये ती नापास. मग पुढच्या फळीला सिग आणि बाकीच्यांना एके-२०३, जिचं ७.६२ चं काडतूस वेगळंच आहे, आखूड. म्हणजे आज एकाच सैन्यात इन्सासचं काडतूस सिगमध्ये जात नाही, सिगचं एके-२०३ मध्ये जात नाही. हलकी रायफल मागता मागता तीन जातींच्या पेट्या झाल्या.

आमच्या ओळखीतले एक अण्णा आहेत, तामिळ, जन्म देहूरोडचा, दारूगोळ्याच्या भांडारात नोकरी करून निवृत्त झाले. कुठं काय ठेवलेलं असतं ते मी विचारत नाही, तेही सांगत नाहीत. पण हे ऐकून एवढंच म्हणाले, "पेटी चुकीची गेली तर रायफल काठी होते, समजलं का." काठीच. तीही चार किलोची.

सिगचं अजून एक ऐका. या रायफली आल्या तेव्हा दुर्बिणी, पकडायची मूठ, बायपॉड यातलं बरंचसं सोबत नव्हतं. युनिटनं ते इथं आपापल्या पातळीवर बसवून घेतल्याच्या बातम्या छापून आल्या. म्हणजे शेवटी पार्ट निवडून जोडायचं काम झालं ते जवानाच्या छावणीत! हे जोडकाम आपल्याला जमतं, तर पहिल्यापासून का नाही करायचं?

जमतं याचा पुरावा आहे म्हणून तर चिडतोय. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड, मऊच्या इन्फन्ट्री स्कूलचे, आणि पाषाणची एआरडीई यांनी मिळून चार महिन्यांत 'अस्मि' केली. ९ एमएम, जानेवारी २०२१ मध्ये जाहीर झाली. ती रायफल नाही, मशीन पिस्तूल आहे, जवळच्या पल्ल्याचं, हे आधीच सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये तज्ज्ञ येतील. पण काम कसं झालं ते बघा. वरचा रिसिव्हर विमानाच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, चापाचे काही भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगनं केलेले. वजन अडीच किलोच्या आत. बनवायचा खर्च पन्नास हजारांच्या आत असेल असं तेव्हा सांगितलं गेलं. का जमलं? कारण वापरणारा अधिकारी आणि डिझाइन करणारे एका टेबलाला बसले आणि मधे चाळीस सह्यांचा कागद नव्हता. तीच गोष्ट 'उग्रम' रायफलीची. ७.६२ ची, चार किलोच्या आत, १०० दिवसांच्या आत तयार केली, जानेवारी २०२४ मध्ये पुण्यातच दाखवली.

आता जीभ चावावी लागते ती गोष्ट. अस्मि कुठं बनते? हैदराबादला, लोकेश मशीन्समध्ये. उग्रम? हैदराबादच्याच द्वीपा आर्मर कंपनीसोबत. हैदराबादकरांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनी धाडस केलं, परवाने काढले, मशीनं लावली. माझा प्रश्न आपल्याला आहे. पाषाणला जन्मलेली बंदूक भोसरी ओलांडून साडेपाचशे किलोमीटर जाते आणि आपल्याकडचा उद्योजक काय करतो? स्वातंत्र्यदिनाला 'मेक इन इंडिया'चा फ्लेक्स लावतो.

असं मी तळवड्यातल्या एका वर्कशॉपवाल्याला तोंडावर म्हणालो. आठ व्हीएमसी आहेत त्याच्या शेडमध्ये, गाड्यांचे ॲल्युमिनियम पार्ट काढतो. तो भडकला नाही. टेबलावरचा एक जॉब माझ्या हातात दिला, आरशासारखा गुळगुळीत. म्हणाला, "अहो पत्रकार, ठोकळा द्या, ड्रॉइंग द्या, मायक्रॉनमध्ये काढून देतो. परवाना लागतो, तोही काढू. पण मला आकडा सांगा. पाचशे की पाच लाख? पाचशे असतील तर मी फिक्श्चरसुद्धा बनवणार नाही. पाच लाख असतील तर उद्या घर गहाण ठेवतो." मागे एकदा त्यानं संरक्षण खात्याच्या एका पुरवठादाराचं काम घेतलं होतं. कुणाचं ते लिहीत नाही. तपासणीत महिने गेले, ड्रॉइंग दोनदा बदललं, मग ऑर्डरच थांबली. केलेले फिक्श्चर अजून शेडच्या कोपऱ्यात गंजतायत, मी डोळ्यांनी बघितले.

मी गप्प बसलो. कारण आकडे मलाही माहीत होते. अस्मिची लष्कराच्या उत्तर कमांडनं २०२४ मध्ये घेतलेली संख्या ५५०. अमेरिकन रायफलींची दोन खेपांची मिळून संख्या १,४५,४००. स्वदेशीला पाचशे, परदेशीला दीड लाख. आणि वर विचारायचं की आपल्या पोरांमध्ये धमक का नाही.

राष्ट्रप्रेमी फॉरवर्डवाल्यांनो, तुम्हालाही सोडत नाही. 'पुण्यात बनली जगातली सर्वांत घातक बंदूक' असा मेसेज तुम्ही अस्मिच्या वेळी पाठवला, उग्रमच्या वेळी तोच परत पाठवला. त्यानंतर किती घेतल्या, कुणी बनवल्या, हे एकानं तरी विचारलं? टाळ्या वाजवून काम झालं की फाईलवर बसलेल्यांना फार बरं वाटतं. आणि ऑक्टोबर २०२१ पासून तर जबाबदारीही वाटून टाकलीय. ऑर्डनन्स बोर्ड मोडून ७ कंपन्या केल्या. काडतुसं म्युनिशन्स इंडियाकडं, जिचं मुख्यालय खडकीला. रायफली कानपूरच्या दुसऱ्या कंपनीकडं. डिझाइन डीआरडीओकडं. मागणी लष्कराकडं. एका रायफलीला चार मालक, आणि ती अडकली की प्रत्येकजण दुसऱ्याकडं बोट दाखवायला मोकळा.

तुम्ही म्हणाल, देहूरोडच्या माणसाला याचं एवढं काय पडलंय. सांगतो. डेपोच्या भोवती २००० यार्डांचा रेड झोन आहे. किवळे, विकासनगर, तळवडे, रुपीनगर, यमुनानगर, अर्धं गाव त्यात. घराला बँक कर्ज देत नाही, जागेचा भाव मिळत नाही, बांधकामाला परवानगी नाही. देशाच्या सुरक्षेसाठी म्हणून लोक पिढ्यान् पिढ्या सहन करतायत. आणि हे झालं कुंपणाबाहेरचं. आतल्या कामगाराचं काय, ते २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या कारखान्यातल्या स्फोटानं दाखवलं. दारूगोळ्याची जोखीम आमच्या उंबऱ्यावर, आणि ज्या कामात पोरांना चांगला पगार, चांगलं कसब मिळेल ते हैदराबादला नाहीतर समुद्रापलीकडं. हा हिशोब मला मान्य नाही.

आणि आत्ताच हे लिहायचं कारण कार्बाइन. लष्कराची जुनी ९ एमएम स्टर्लिंग कार्बाइन बदलायचं कित्येक वर्षं चाललंय. २०१८ मध्ये अमिरातीच्या काराकाल कंपनीच्या ९३,८९५ कार्बाइन तातडीनं घ्यायचं ठरलं, पुढं तेही बारगळलं. बघा, परत तातडी. शेवटी २०२५ मध्ये ४.२५ लाख कार्बाइनच्या निविदेत भारत फोर्जचा दर सर्वांत कमी आला. ६० टक्के त्यांना, ४० टक्के ग्वाल्हेरजवळच्या मालनपूरला कारखाना असलेल्या पीएलआर सिस्टिम्सला. भारत फोर्जच्या कार्बाइनचं डिझाइन पाषाणच्या एआरडीईसोबतचं, कंपनी मुंढव्याची. तळवड्याच्या त्या माणसाला हवा होता तो आकडा पहिल्यांदा आलाय, अडीच लाखांच्या घरात. आयुष्यात एकदा येणारी संधी आहे.

म्हणून सरळ मागणी. या कार्बाइनचे जे भाग बाहेरच्या छोट्या कारखान्यांकडून करून घेता येतात, त्यातले किती पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात देणार, कोणत्या अटींवर, हे जाहीर व्हावं. गुपित ड्रॉइंग मागत नाही, फक्त यादीचा आकार आणि वेंडर व्हायची पद्धत. एकदा नमुना पास झाला की पाच वर्षं ड्रॉइंग आणि काडतूस बदलायचं नाही, सुधारणा करायची ती पुढच्या खेपेत. आणि वजन छापताना दुर्बीण, भरलेलं मॅगझिन आणि जवानाच्या अंगावरच्या सगळ्या गोळ्या धरून छापा. नुसत्या सांगाड्याचा आकडा दाखवून फसवू नका.

माहिती अधिकारात हे विचारून उपयोग नाही. डीआरडीओ कलम २४ खाली वगळलेली संस्था आहे, भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कांचा आरोप असेल तरच दार उघडतं. म्हणून हा प्रश्न लोकसभेतच जायला हवा. मावळच्या आणि शिरूरच्या, दोन्ही खासदारांना पत्र लिहून तयार आहे. भोसरी, तळवडे, चाकण, म्हाळुंगे, इकडच्या ज्या वर्कशॉपवाल्यांनी संरक्षणाच्या कामासाठी कधी अर्ज केला आणि अडकले, त्यांनी मला इनबॉक्स करा. नाव छापणार नाही. किती महिने लागले, किती पैसे अडकले, ऑर्डर कितीची होती, एवढंच लिहा. सोमवारी सकाळी पत्र पोस्टात टाकणार आहे, तोपर्यंत जेवढ्यांचं येईल तेवढं जोडतो. त्या आयटीआयच्या पोरानं टायपिंग करून द्यायचं कबूल केलंय.